आवरलेला गंज

मराठी घरात धातूची पारख चकाकीवरून होते. दसरा-दिवाळी जवळ आली की समई, तांब्या, ताम्हन, घंगाळ सगळे माळ्यावरून खाली उतरते आणि चिंच-मीठ लावून लख्ख घासले जाते. पितळेवर चढलेला तपकिरी थर, तांब्यावरचे हिरवट डाग, चांदीच्या निरांजनावरची काळसर छटा ही सारी आपल्या लेखी मळाचीच रूपे. स्वयंपाकघरापुरते ते बरोबरही आहे, कारण कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकते आणि असले ताक पोटात जाणे वाईट. पण मुंबईत एक आख्खा परिसर धातूवर चढलेल्या काळ्या रंगाच्या नावाने ओळखला जातो. पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आलेल्या युवराजाचा अश्वारूढ पुतळा १८७९ साली फोर्टात उभा राहिला. शिल्पकार होते जोसेफ एडगर बोम आणि देणगी होती अल्बर्ट ससून यांची. लोकांच्या मनात स्वार राहिला नाही, ब्राँझचा काळा घोडा राहिला. १९६५ साली पुतळा भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात गेला, तरी परिसर काळा घोडाच राहिला. नुकते ओतलेले ब्राँझ काळे नसते, ते तांबूस-सोनेरी असते. त्याच्यावर दिसणारा काळपट रंग ब्रश फिरवून दिलेला नसतो, तो धातूच्याच पृष्ठभागावर तयार झालेल्या संयुगांचा असतो. म्हणजे घरात आपण जे घासून काढतो, तेच पुतळ्यावर जपतो.

या लेखात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. धातूवरचे शोभेचे रंग म्हणजे बहुतेक वेळा योग्य जागी थांबवलेला गंज असतो, आणि त्या रंगांचे वैविध्य रसायनाच्या जहालपणातून येत नाही. ते पृष्ठभागाच्या स्वच्छतेतून आणि वर चढणाऱ्या पापुद्र्याच्या जाडीतून येते. हे एकदा समजले की शीवच्या एखाद्या जुन्या इमारतीत, बंद केलेल्या गॅलरीत टेबल मांडून बसणाऱ्या हौशी माणसाला आम्लांच्या बाटल्यांची गरज उरत नाही. त्याने प्रक्रिया निवडताना पहिला प्रश्न ‘मला कोणता रंग हवा’ असा विचारू नये. ‘काम झाल्यावर मागे काय उरेल आणि ते कुठे जाईल’ असा विचारावा. ही मर्यादा स्वीकारली तर हातचे फार थोडे रंग जातात.

आधी पोलादाचा पुरावा पाहू, कारण तो सर्वांत जुना आणि सर्वांत स्पष्ट आहे. स्वच्छ घासलेली पोलादी पट्टी हळूहळू तापवली की सुमारे २२० अंश सेल्सिअसला तिच्यावर फिकट गवती पिवळा रंग उमटतो. २४० च्या आसपास तो गडद होतो, २६० ला तपकिरी, २८० ला जांभळा आणि ३०० च्या सुमारास गडद निळा दिसतो. त्याच्या पलीकडे निळा फिकट होत राखाडी होतो. लोहारांनी आणि घड्याळजींनी थर्मामीटर नसताना पिढ्यान्‌पिढ्या पोलादाला पाणी देताना नेम याच रंगांवर धरला. पट्टीवर काहीही ओतलेले नसते. हवेतला ऑक्सिजन आणि लोखंड मिळून एक पारदर्शक पापुद्रा तयार होतो, त्याची जाडी साधारण ४० ते ७० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढी. प्रकाशाचा काही भाग पापुद्र्याच्या वरच्या पृष्ठावरून परततो, काही भाग आत शिरून धातूवरून परततो. दोन्ही किरण एकत्र येताना काही रंग एकमेकांना मारतात. पापुद्रा पातळ असताना निळा मरतो, म्हणून उरलेला प्रकाश पिवळा दिसतो. जाडी वाढली की हिरवा मरतो आणि जांभळा उरतो, आणखी वाढली की पिवळा-तांबडा मरून निळा उरतो. पावसाळ्यात पेट्रोल पंपासमोरच्या डबक्यावर जी रंगीत साय दिसते, तिचे शास्त्र हेच.

हे स्पष्टीकरण आज शाळेच्या पुस्तकात सहज बसते, पण ते सहज मान्य झाले नव्हते. १९१८ साली ए. मॅलक या इंग्रज अभ्यासकाने बिनतोड वाटावी अशी शंका काढली. रंग जाडीवर अवलंबून असेल तर पट्टी घासून पापुद्रा झिजवल्यावर निळ्याचा जांभळा, जांभळ्याचा पिवळा व्हायला हवा. प्रत्यक्षात घासल्यावर निळा निळाच राहतो, फक्त विरळ होत जातो. या वादात आपले चंद्रशेखर वेंकट रामनही उतरले. तेव्हा ते कलकत्त्यात प्राध्यापक होते आणि नोबेल मिळायला अजून आठ वर्षे होती. १९२२ साली ‘नेचर’मध्ये पोलादाच्या या रंगांवर लिहिताना त्यांनीही साध्या सलग पापुद्र्याच्या कल्पनेवर प्रश्नचिन्ह लावले. १९२५ साली केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्स यांनी वेगवेगळ्या धातूंवरचे असे पापुद्रे अभ्यासून व्यतिकरणाची, म्हणजे किरणांनी एकमेकांना मारण्याची, बाजू भक्कम केली. मॅलक यांच्या शंकेचे उत्तरही त्यातून निघते. हाताने घासताना पापुद्रा सगळीकडे सारखा पातळ होत नाही, तो जागोजागी खरवडून निघतो. मधे मधे उघडा धातू दिसू लागतो आणि उरलेला रंग जसाच्या तसा, पण विरळ दिसतो. घरी काम करणाऱ्याला या वादातून एक व्यावहारिक गोष्ट मिळते: चढलेला रंग घासून ‘थोडा मागे’ नेता येत नाही. निळ्याच्या पुढे गेलात तर पट्टी पुन्हा उघडी करून पहिल्यापासून सुरुवात करायची.

म्हणून सगळे कौशल्य दोन टोकांना असते, तापवण्याच्या आधी आणि थांबवण्याच्या क्षणी. पॉलिश पेपर क्रमाने बारीक करत जायचे, एका नंबरचे ओरखडे पुढच्या नंबरने आडव्या दिशेने घासून पूर्ण काढायचे. मग भांडी घासायच्या साबणाने धुऊन, स्पिरिटने पुसून, पुढे बोट लावायचे नाही. बोटाचा तेलकट ठसा डोळ्यांना दिसत नाही, पण पट्टी निळी झाली की नेमका तेवढाच भाग फिकट राहतो आणि अंगठ्याच्या रेषाही मोजता येतात. थेट ज्योतीवर धरलेल्या पट्टीवर रंगांचे पट्टे उठतात, कारण कडा आणि पातळ भाग आधी तापतात. सलग रंग हवा असेल तर जुन्या लोखंडी तव्यात कोरडी बारीक वाळू किंवा पितळेचा कीस पसरून त्यावर तुकडा ठेवावा आणि मंद आचेवर वाट पाहावी. घड्याळाचे स्क्रू निळे करणारे कारागीर पितळेच्या किसाचीच युक्ती वापरत आले आहेत. जांभळ्यात निळ्याची झाक दिसू लागली की तुकडा उचलायचा. आतली उष्णता आणखी काही क्षण काम करत राहते, त्यामुळे हवा तो रंग पूर्ण दिसेपर्यंत थांबणारा नेहमी पुढे निघून जातो. घरातल्या ओटीजीची मजल बहुधा २५० अंशांपर्यंत असते, म्हणजे त्यात पिवळ्या-तपकिरी छटा मिळतील, मात्र वेळ वाढवला तर त्याच तापमानालाही रंग थोडा पुढे सरकतो. स्टेनलेस स्टीलला क्रोमिअममुळे हेच रंग यायला बरेच जास्त तापमान लागते. सुरीच्या पात्यावर हा प्रयोग करू नये, कारण निळ्यापर्यंत तापलेल्या पात्याची धार टिकत नाही. आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे बहुतेक खिळे-स्क्रू जस्ताचा मुलामा दिलेले असतात. ते कधीच तापवू नयेत, जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो.

पोलादाला उष्णता लागते, टायटॅनिअमला वीज पुरते, आणि माझ्या मते हौशी माणसासाठी याहून समाधान देणारे काम दुसरे नाही. गुलालवाडी, सी. पी. टँक, खेतवाडी हा मुंबईचा धातूच्या पेढ्यांचा पट्टा. तिथे मोठा व्यवहार टनांत चालतो, पण टायटॅनिअमचा पत्रा किंवा तार याच बाजारात मिळते. पाण्यात खाण्याचा सोडा विरघळवायचा. टायटॅनिअमचा तुकडा डीसी पुरवठ्याच्या धन टोकाला आणि स्टीलची पट्टी ऋण टोकाला जोडून दोन्ही एकमेकांना न लागतील अशी बुडवायची. विद्युतप्रवाह सुरू होताच टायटॅनिअमच्या पृष्ठावर ऑक्साइड वाढू लागते. सुमारे १० ते १५ व्होल्टला सोनेरी-तांबूस, २० ला जांभळा, २५ ते ३० च्या दरम्यान गडद निळा, ४० ला आकाशी, ६० च्या अलीकडे पिवळा, पुढे गुलाबी आणि १०० च्या वर हिरवा. खरी नवल वाटावी अशी गोष्ट पुढेच आहे. ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून, म्हणजे २७ व्होल्टवर, तुकडा बुडवला तर तो काही क्षणांत सोनेरी, जांभळा असे रंग ओलांडून निळ्यावर येतो आणि तिथेच थांबतो. तासभर ठेवला तरी पुढे जात नाही. ऑक्साइडचा थर विजेला अडवतो, आणि २७ व्होल्टचा जोर ज्या जाडीपलीकडे पोचत नाही तिथे वाढ आपोआप बंद पडते. पोलादाच्या बाबतीत जे थांबवणे माणसाच्या नजरेवर सोपवलेले होते, ते इथे व्होल्टेजचा आकडाच करतो. हाडे जोडण्यासाठी वापरले जाणारे टायटॅनिअमचे स्क्रू आणि पट्ट्या निळ्या, सोनेरी, जांभळ्या दिसतात त्या याच प्रक्रियेने. आकार चटकन ओळखू यावेत म्हणून दिलेला तो रंग शरीरात चालतो, कारण त्यात रंगद्रव्य मुळी नसतेच.

इथेही मर्यादा पाळायची आहे. हात ओले असतात, टेबल ओले असते, म्हणून घरी ३० व्होल्टच्या वर जाऊ नये असे माझे मत आहे. लॅमिंग्टन रोडवर मिळणारा, बदलत्या व्होल्टेजचा आणि घरच्या लाइनपासून विलग असलेला पुरवठा घ्यावा किंवा बॅटऱ्या वापराव्यात. भिंतीतल्या प्लगची वीज रेक्टिफायर लावून थेट भांड्यात नेणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. या मर्यादेत आकाशी, पिवळा, गुलाबी आणि हिरवा हे रंग सुटतात. कारखान्यात टायटॅनिअम आधी हायड्रोफ्लुओरिक आम्लात बुडवून झळझळीत करतात. ते आम्ल घरात, दुकानात, कुठल्याही हौशी हातात येऊ नये, कारण ते कातडीतून आत शिरून हाडापर्यंत इजा करते आणि सुरुवातीला वेदनाही कळत नाही. बारीक पेपरने घासलेल्या तुकड्यावर रंग थोडा मऊ, मॅट उतरतो. मला तर कानातल्या डुलांसाठी आणि किचेनसाठी तो जास्त आवडतो.

आता आपल्या शेजारचे उदाहरण घेऊ, कारण ‘चांगला रंग म्हणजे जहाल रसायन’ हा समज त्याच्याइतका दुसऱ्या कशानेही मोडत नाही. लातूर-नांदेडला लागून असलेल्या, भालकी-बसवकल्याणकडे मराठी बोलल्या जाणाऱ्या बीदर जिल्ह्यात बिदरीचे काम चालते. औरंगाबादेतही, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, त्याचे कारागीर आहेत. २००६ साली या कामाला भौगोलिक मानांकन मिळाले. बिदरीचा धातू म्हणजे मुख्यतः जस्त, साधारण १६ भागांना तांब्याचा १ भाग. ओतलेले भांडे घासून त्यावर मोरचुदाचे पाणी फिरवतात, त्याने तात्पुरता काळा पृष्ठ मिळतो आणि त्यावर नक्षी कोरता येते. कोरलेल्या चऱ्यांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. पुन्हा घासल्यावर सगळे भांडे एकसारखे राखाडी-पांढरे दिसते, नक्षी जवळजवळ हरवते. मग भांडे किंचित गरम करून बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लगदा हाताने चोळतात. काही वेळातच जस्ताचा धातू गर्द काळा होतो आणि चांदी होती तशी पांढरी उरते. शेवटी तेलाचा हात फिरवला की काळा आणखी खोल होतो.

यातली माती कुठलीही चालत नाही. किल्ल्याच्या जुन्या बांधकामात, जिथे पिढ्यान्‌पिढ्या ऊन-पाऊस पोचलेला नाही, तिथली माती लागते, आणि कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. त्यामागे साधे कारण आहे. मातीतले उपयोगी द्रव्य म्हणजे सोऱ्याच्या जातीची नायट्रेटे, आणि नायट्रेट पाण्यात फार सहज विरघळते. पावसाने धुतलेल्या मातीत ते टिकत नाही, छपराखाली साठत राहते. नवसागर तर आपल्या कल्हईवाल्याच्या पिशवीतलाच. म्हणजे सोऱ्याची माती, नवसागर आणि थोडी ऊब एवढ्या भांडवलावर जगातल्या देखण्या काळ्या रंगांपैकी एक उभा आहे. सुझन ला नीस आणि ग्रॅहम मार्टिन यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या तपासणीत मिश्रधातूतल्या तांब्याचे महत्त्व पुढे आले. निव्वळ जस्तावर तसा काळा चढत नाही. लगदा पृष्ठावरचे जस्त खातो, तांबे मागे उरते आणि काळ्याचा आधार होते. तेव्हा रंगाचे मर्म लगद्याच्या तिखटपणात शोधण्यापेक्षा मूळ धातूच्या मिश्रणात शोधावे. हौशी माणसाने यातून घ्यायचे ते हेच: रंग जमत नसेल तर रसायन बदलण्याआधी आपण नेमका कोणता धातू हातात घेतला आहे ते पाहावे. भंगारातून आणलेले ‘पितळ’ आणि नवा पितळी पत्रा एकाच पातेल्यात दोन रंग देतात.

चांदी आणि तांब्याची कथा थोडक्यात सांगता येते. बाजारात ऑक्सिडाइज्ड म्हणून मिळणाऱ्या चांदीच्या दागिन्यांचा काळा रंग खरे तर गंधकाने येतो, आणि गंधक स्वयंपाकघरातही असते. कडक उकडलेले अंडे कुस्करून डब्यात ठेवावे, चांदीचा स्वच्छ तुकडा त्याला लागणार नाही असा शेजारी ठेवून झाकण लावावे. काही तासांत चांदी आधी सोनेरी, मग तपकिरी, मग निळसर आणि शेवटी काळी होते, आणि हवा तिथे डबा उघडून थांबता येते. उंचवटे मऊ कापडाने घासले की खोलगट भागातला काळा राहतो आणि नक्षी उठून दिसते. तांब्याचा पत्रा गॅसच्या ज्योतीवरून फिरवला तर नारिंगी, तांबडा, जांभळा, रुपेरी असे रंग सेकंदांत सरकतात, आणि जास्त तापला तर काळे पोपडे सुटतात. तांब्या-पितळेवरचा मोरपंखी हिरवा मात्र मी मुंबईत टाळावा असे म्हणेन. मीठ आणि व्हिनेगरने ओला केलेला लाकडाचा भुसा पत्र्याभोवती दोन-तीन दिवस ठेवला की तो छान उमटतो हे खरे. पण मिठातले क्लोराइड धातूत घर करते आणि दमट हवेत ते आतून खातच राहते. जुलै-ऑगस्टमध्ये जिथे हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, तिथे हा गंज आवरला जाईल याची खात्री कोणी देऊ नये. शिवाय तो हिरवा थर विषारी असतो, तेव्हा भांड्यावर आणि अंगावरच्या दागिन्यावर तो नकोच.

यावर पहिला आक्षेप येईल तो धंद्यातल्या माणसाचा. तो म्हणेल, ‘तुम्ही सोपे तेवढेच निवडले. बंदुकीच्या नळीवरचा गडद काळा, रंगीत अॅल्युमिनिअम, रंगीत स्टेनलेस, निकेल-सोन्याचा मुलामा यांचे काय?’ आक्षेप खरा आहे. पोलादाचा तो काळा कॉस्टिक सोड्याच्या सुमारे १४० अंशांच्या उकळत्या द्रावणात येतो. अॅल्युमिनिअमवर गंधकाम्लात विजेने सच्छिद्र ऑक्साइड वाढवतात, त्या छिद्रांत रंग भरतात आणि उकळत्या पाण्याने छिद्रे बंद करतात. रंगीत स्टेनलेसच्या रूढ पद्धतीत क्रोमिक आम्ल लागते, त्यातले सहा-संयुजी क्रोमिअम कर्करोगकारक आहे. मुलाम्याच्या कित्येक द्रावणांत सायनाइड असते. हे सगळे रंग हवेत, पण ते धूर ओढणारे पंखे, मुरलेले हात आणि सांडपाण्यावर प्रक्रिया करणारी टाकी असलेल्या कारखान्यातच. आपला अॅल्युमिनिअमचा तुकडा घेऊन अॅनोडायझिंगवाल्याकडे जाण्यात कमीपणा काहीच नाही. उरलेली यादी पाहा: पिवळ्यापासून निळ्यापर्यंतचे पोलाद, सोनेरी-जांभळे-निळे टायटॅनिअम, काळी चांदी, तांबडे-जांभळे तांबे. एका माणसाच्या रविवारांना एवढे काम पुरून उरते.

दुसरा आक्षेप जास्त धूर्त आहे आणि तो मी गंभीरपणे घेतो. ‘घरात वाटीभर द्रावण, त्याने काय होणार? शीव स्टेशनच्या पलीकडे धारावीत बक्कल ओततात, अॅल्युमिनिअम वितळवतात, पॉलिश करतात, तिथून किती जाते!’ शेजारी होणारी हानी हा आपल्या हानीचा परवाना ठरत नाही. तिथला कामगार तो धूर पोटासाठी सोसतो आणि त्याला त्यातून सोडवायला हवे. हौसेने तोच धूर चौथ्या मजल्यावर आणणे ही वेगळी गोष्ट आहे. बंद गॅलरीच्या भिंतीपलीकडे दुसऱ्याच्या घरातला पाळणा असतो. आणि शीवपुरते आणखी एक कारण आहे. शीवचा रस्ता क्रमांक २४ आणि जवळचे गांधी मार्केट ही पाणी तुंबण्याची शहराला पाठ असलेली ठिकाणे. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस झाला की गटारातले पाणी मिठीकडे आणि खाडीकडे जायचे सोडून रस्त्यावर उभे राहते. मोरीत ओतलेले तांबे जूनपर्यंत दिसत नाही. जुलैत ते तळमजल्याच्या उंबऱ्यावर असू शकते. मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार, पाण्यातल्या जिवांना किती विषारी आहे हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तांब्याचे पाणी उरलेच तर त्यात जुना स्टील वूल टाकून ठेवावा. तांबे त्यावर जमते आणि पाण्याचा निळा रंग जातो. मग धुण्याचा सोडा घालून जे तळाशी बसेल ते गाळून, वाळवून, डबीत ठेवावे, पाण्यात सोडू नये. आम्लाची बाटली विकत घेणे आता तसेही सहज उरलेले नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने किरकोळ विक्रीवर नोंदवही आणि ओळखपत्राची अट घातली. ती अट अॅसिडहल्ले रोखण्यासाठी आहे, हौशी लोकांनी तिच्यातून पळवाटा शोधू नयेत.

तिसरा आक्षेप टिकाऊपणाचा. खाडीची आणि समुद्राची हवा, चार महिने ओल, इथे नॅनोमीटर जाडीचा रंग किती टिकणार? त्यापेक्षा पावडर कोटिंग करून घ्यावे. बाहेरच्या ग्रिलसाठी, गेटसाठी, पाण्याच्या पाइपसाठी हा सल्ला मी बिनशर्त मान्य करतो. निळे पोलाद उघड्यावर एका पावसात लाल होईल. पण पावडर कोटिंगचा थर सुमारे ६० ते ८० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या पापुद्र्याच्या हजारपट जाड असतो. तो कोरलेली बारीक रेष बुजवतो, स्क्रूचे आटे घट्ट करतो आणि धातू दिसेनासा करतो. पापुद्र्याचा रंग यातले काहीच करत नाही. दारावरच्या पाटीतली अक्षरे, समईच्या दांड्यावरची वेल, दिव्याचा घाट हे जिथे दिसायला हवे तिथे तोच शोभतो. आणि सगळे रंग सारखे नाजूक नसतात. टायटॅनिअमचे ऑक्साइड समुद्राच्या पाण्यालाही दाद देत नाही. त्याचा शत्रू फक्त ओरखडा, आणि तेलकट बोट लागल्यास रंग तात्पुरता बदलल्यासारखा दिसतो, पुसला की परत येतो. पोलादावर आणि तांब्यावर मेणाचा पातळ हात द्यावा, तो वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, नव्याने फिरवावा. लॅकर जास्त टिकते, पण पापुद्र्यावर लॅकर बसले की रंगाची झळाळी उतरते, विशेषतः तांब्याची. हे आधी तुकड्यावर करून पाहावे.

शीवपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, माटुंग्यात, दोन संस्था आहेत. १८८७ साली स्थापन झालेली व्हीजेटीआय आणि १९३३ साली सुरू झालेली, आज रसायन तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी यूडीसीटी. दुसरीत पृष्ठलेपनाचे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या दिले गेले आहे. धूर ओढणारी कपाटे, विलग वीजपुरवठा आणि सांडपाण्याची व्यवस्था अशा संस्थांच्या प्रयोगशाळांत असते. महिन्यातला एखादा शनिवार त्यांनी आणि शहरातल्या आयटीआयनी नागरिकांसाठी उघडावा, म्हणजे जे काम घरात करू नये ते करायला हौशी माणसाला जागा मिळेल आणि गॅलरीतली आम्लाची बाटली आपोआप हटेल. तोवर घरी तवा, वाळू, तीन बॅटऱ्या आणि एक उकडलेले अंडे एवढ्यावर काम सुरू करा.